येथे गोरे करून मिळत नाही

गिऱ्हाईक हाकलून लावण्यात आमच्या बाईंचा हात कुणी धरला नसता. कर्जतच्या बाजारात, रंगाच्या दुकानावर पहिल्या मजल्याला त्यांचं पार्लर. जिन्याच्या तोंडाशी पाटी, तीही बाईंनी स्वतः ब्रश घेऊन रंगवलेली: 'येथे गोरे करून मिळत नाही.' बस्स. पार्लरचं नाव नाही, फेशियल नाही, थ्रेडिंग नाही. खालचा रंगवाला शेठ कपाळावर हात मारून घ्यायचा. "बाई, अख्ख्या बाजारात असा बोर्ड कुणाचा नाय हो," म्हणायचा. बाई म्हणायच्या, "मग बरंच आहे की."

तिथं मी सात वर्षं काम केलं. पोरगी शाळेत जायला लागल्यावर घरात करमेना. थ्रेडिंगचा कोर्स केलेला होता, तेवढ्या जोरावर मी बाईंकडे गेले. त्यांनी माझ्या सर्टिफिकेटकडे बघितलंसुद्धा नाही. माझी नखं बघितली, तळहात उलटेसुलटे केले आणि विचारलं, "भांडी तारेच्या घासणीनं घासतेस की काथ्यानं?" मी म्हटलं, करपलेल्या कढईला तार, बाकीच्यांना काथ्या. "ये उद्यापासून." झाला आमचा इंटरव्ह्यू! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "पार्लरच हाय ना गं ते? का कुणाच्या घरची धुणीभांडी?"

बाई मूळच्या पार्लरवाल्या नव्हत्याच. मोहोपाड्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये त्यांनी वीस-बावीस वर्षं माल तपासण्यात घालवली होती. कंपनीनं ते खातं बंद केलं तेव्हा बाईंनी राजीनामा दिला, एक कोर्स केला, मशीन घेतलं आणि माणसांचे चेहरे तपासायला बसल्या. लॅब सुटली, पण लॅबची खोड सुटली नाही. चहा बीकरमधून प्यायच्या, दीडशे मिलीच्या खुणेपर्यंत, वर एक थेंब नाही. लग्नाच्या सीझनमध्ये जिना गिऱ्हाइकांनी भरला की मला हळूच म्हणायच्या, "आज बॅच मोठी आहे." आणि एखादीला परत पाठवलं की वहीत लाल पेनानं लिहायच्या, 'रिजेक्ट'. एकदा एका तलाठ्याच्या बायकोनं ते वाचलं. काय तमाशा झाला असेल, तुम्हीच समजा.

मोहोपाड्याहून कर्जतला त्या स्कूटीवर यायच्या. हेल्मेट, आतून ओढणी, काळा गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे. सहा महिने रोज सकाळी त्यांना जिन्यात बघून मी दचकत होते. आभाळ भरून आलेलं असलं तरी तोच अवतार. "बाई, ऊन कुठाय?" म्हटलं तर म्हणायच्या, "ढगातूनही येतं ते. तुला दिसत नाही म्हणून थांबत नाही."

आता मशीनचं सांगते, कारण बाई म्हणजे ते मशीन आणि मशीन म्हणजे बाई. दिसायला साधं. एक पेटी, तिला नळी, नळीच्या टोकाला पेनासारखी दांडी, आणि दांडीच्या तोंडाला हिऱ्याच्या बारीक चुऱ्याची टोपी. टोपी कातडीवरचा वरचा मेलेला थर खरवडते आणि नळी तो चुरा आत ओढून घेते. बायका त्याला स्किन पॉलिश म्हणायच्या. बाईंना ते खपायचं नाही. "मायक्रोडर्माब्रेजन," त्या सांगायच्या, "म्हणा." आणि गिऱ्हाइकाला म्हणायला लावायच्या! ज्या गोष्टीचं नाव घेता येत नाही ती तोंडावर कशाला करून घ्यायची, असा त्यांचा हिशेब. भिवपुरीची एक आजी खुर्चीत बसून चार वेळा अडखळली आणि शेवटी म्हणाली, "बाय, घासाचं त घास, नायतर मी चालली." तिला मात्र बाईंनी सूट दिली.

समजावून सांगायची त्यांची तऱ्हाही न्यारीच. टेबलावर काचेच्या तीन बाटल्या ठेवलेल्या. एकीत हातसडीचा तांदूळ, एकीत गिरणीतून पॉलिश करून आणलेला, तिसरीत कणी. आमच्याकडची बायामाणसं भाताच्या शेतातली, त्यांना वेगळं काय सांगायचं! "हा तुमचा आत्ताचा चेहरा," पहिली बाटली पुढे. "हा होईल," दुसरी बाटली. "म्हणजे दाणा तोच, रंग तोच, फक्त वरचा कोंडा गेला, म्हणून हाताला गुळगुळीत लागतो." मग तिसरी बाटली नाकासमोर धरायच्या. "आणि गिरणीवाला येडा असला तर हे." गोरं होतं का, असं कुणी विचारलं की बाई नुसत्या जिन्याकडे बोट करायच्या.

मुरमाचे खड्डे जातील का, भाजल्याचा डाग जाईल का, हे विचारणाऱ्यांना त्या स्वतःच्या मनगटावरचा ॲसिडचा जुना डाग दाखवायच्या. "हा तळमजल्यावर आहे. माझं मशीन गच्ची झाडतं. तळमजल्यासाठी कातडीच्या डॉक्टरकडे जा." पिकलेल्या पुटकुळ्या असल्या तर नाही. मुरमाच्या गोळ्या चालू असल्या तर नाही. आधी कानामागे बोटभर जागेवर करून बघायचं, दोन दिवस थांबायचं, मग तोंड. झाल्यावर उन्हात नाही, क्रीम लावल्याशिवाय बाहेर नाही. आणि लग्न ठरलेली मुलगी आली की बसायच्या आधीच पहिला प्रश्न, "हळद कधी?" हळदीला पंधरा दिवसांपेक्षा कमी असले की गेली बिचारी वहीत लाल पेनानं. "ताज्या खरवडलेल्या कातडीवर पन्नास बायका हळद चोळणार, वर मांडवातलं ऊन. डाग पडले की नाव कुणाचं?" मुली रडायच्या, आया भांडायच्या. बाई चहाचा बीकर तोंडाला लावायच्या.

मला वाटायचं, बाई जरा अतीच करतात. खोटं कशाला बोलू, तीन-चार वर्षांत माझा हात मशीनवर चांगला बसला होता आणि डोक्यात हवाही शिरली होती. नवीन गिऱ्हाईक मलाच मॅडम म्हणायचं, मला गोड वाटायचं.

माझी नणंद पोशीरला दिलेली. तिची सायली, माझी भाची, गुणाची पोर. पण दहावीपासून गालांवर मुरमं, आणि मुरमं गेली तरी खुणा राहिल्या. दोन ठिकाणी नुसता फोटो बघून नकार आला होता. तिसरं स्थळ साजगावचं, मुलगा तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. तो घरी येऊन बघून गेला आणि हो म्हणाला. घरात आनंदीआनंद, पण वन्सना एकच घोर. मुलाकडची माणसं हळदीला येणार, जवळून बघणार, कुणी काय बोललं तर?

लग्न शुक्रवारी, हळद गुरुवारी. आणि मंगळवारी, आमचं पार्लर बंद असतं त्या दिवशी, वन्स सायलीला घेऊन माझ्या घराच्या दारात उभ्या. "वयनी, तुज्याकडं चावी असतंय ना? पोरीच्या तोंडाव मशीन फिरव गं एकडाव. बाईंला काय कलतंय?" सायली खाली मान घालून म्हणाली, "मामी, नको तर नको. पण जमलं तर बरं होईल." त्या पोरीनं आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आणि मी, मॅडम! म्हटलं, चला.

हळद दोन दिवसांवर आहे हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. कानामागे करून बघायला वेळ नव्हता, ते सोडलं. खुणा जाव्यात म्हणून जाडी टोपी लावली. एक हात फिरवला, फरक दिसेना. दुसरा फिरवला, तिसरा फिरवला. नळीची ओढ वाढवली. सायली म्हणाली, "मामी, चुरचुरतंय." मी म्हटलं, "होतं गं तेवढं." तळमजला खणायला निघाले होते मी! संपलं तेव्हा गाल लालबुंद, पण मऊ लागत होते, वन्स खूश. आणि भर दुपारी, मे महिन्यात, मायलेकी स्कूटरवर तोंडं उघडी टाकून पोशीरला गेल्या.

बुधवारी सकाळी वन्सचा फोन. आधी नुसतं रडणंच ऐकू आलं. मग सायलीनं फोटो पाठवला. दोन्ही गालांवर लाल पट्टे, मांजरानं ओरबाडावं तसे, आणि डोळ्यांखाली सूज. ज्या चेहऱ्यापायी दोन नकार आले, त्याची मी ही दशा करून ठेवली होती, हळदीच्या आदल्या दिवशी.

बाईंना सांगण्यावाचून इलाज नव्हता. मी त्यांच्यासमोर फोन धरला आणि सगळं ओकले. वाटलं, ओरडतील, चप्पल काढतील. त्यांनी चष्मा पुसला, फोटो मोठा केला आणि विचारलं, "टोपी कुठली?" जाडी. "किती वेळा?" तीन. "ओढ?" सांगितली. "कानामागे?" नाही. त्या लिहून घेत होत्या. ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांग. साबण नाही, लिंबू नाही, पावडर नाही. फोड आले, पाणी सुटलं तर आजच्या आज डॉक्टर. आणि उद्या हळद किती वाजता?"

"पाचला. पण बाई, तुम्ही कशाला..."

"पत्ता दे."

गुरुवारी चार वाजता पोशीरला मांडवाच्या दारात स्कूटी थांबली. हेल्मेट, ओढणी, गॉगल, हातमोजे! डीजेवाल्यानं आवाज कमी केला. एक म्हातारी घाबरून म्हणाली, "अगं, ही कोन गं? नर्सबाय का पोलीस?" बाई सरळ आतल्या खोलीत गेल्या. वन्सनी पोरीच्या गालांवर पांढरी पावडर थापून ठेवली होती, पट्टे झाकायला. बाईंनी ती ओल्या कापसानं टिपून टिपून काढली, क्रीम लावलं, मग पर्समधून काजळाची पेन्सिल काढली आणि सायलीच्या जबड्याखालून, या कानापासून त्या कानापर्यंत, काळी रेघ ओढली.

"ही हद्द. ह्याच्या वर हळद येणार नाही."

"आवो बाई, तोंडाला हळद नाय म्हंजे?" वन्स रडकुंडीला आल्या. "मुलाकडची उष्टी हळद येनार हाय. त्यांला काय सांगू? आमची पोर तोंड लपवतंय?"

"कपाळाला टिकलीएवढी, मी लावीन," बाई म्हणाल्या. "तेवढी जागा चांगली आहे, मी बघितली."

मग जे झालं ते पोशीरकर अजून सांगतात. सायली पाटावर बसली आणि तिच्या शेजारी स्टूल टाकून बाई बसल्या, हातात नवे मोजे, मांडीवर आंब्याच्या पानांचा जुडगा. एकेक सवाष्ण पुढे आली की बाई तिला पान द्यायच्या आणि जागा सांगायच्या. "तुम्ही डावा गुडघा. तुम्ही उजवा खांदा. तुम्ही पावलं, दोन्ही. नाही, हनुवटी बंद आहे." एक काकी खट्याळ, ती दोन्ही मुठी हळद घेऊन मागून आली. बाईंनी न बघता तिचं मनगट धरलं. "तुम्हाला कोपर दिलंय." अख्खा मांडव हसत होता. काकी म्हणाली, "असं कोपर कुनी दिलं नवतं गं मला आजपातुर!" सायलीसुद्धा हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा.

आणि तेवढ्यात साजगावची गाडी आली.

मुलाची मोठी बहीण पुढे, हातात उष्ट्या हळदीची वाटी, मागे पाच-सहा बायका. ती सायलीसमोर बसली, बोटं हळदीत बुडवली आणि गालाकडे नेली. बाईंनी मध्ये पान धरलं. "चेहऱ्याला नको."

"का वो?" तिनं हात मागे घेतला आणि सायलीच्या तोंडाकडे नीट बघितलं. काळी रेघ, लाल पट्टे. "काय झालंय तोंडाला? काय रोगबिग तर नाय ना?"

डीजे बंद झाला. वन्सच्या डोळ्यांसमोर लग्न मोडलेलं दिसत होतं, मला कळत होतं. त्या म्हणाल्या, "गर्मीचं हाय, गर्मीचं..."

"गर्मीचं नाही," बाई म्हणाल्या. शांत, लॅबमध्ये रिपोर्ट वाचावा तशा. "रोग नाही. आमच्या पार्लरमध्ये मशीन चुकीचं चाललं. दुकान माझं, म्हणजे चूक माझी. दहा-पंधरा दिवसांत लाली जाईल. तपकिरी डाग राहिले तर दोन-तीन महिने राहतील, कमी होत जातील. मुलीत दोष काही नाही."

इतक्या गिऱ्हाइकांसमोर, अर्ध्या तालुक्यासमोर! त्या मांडवातल्या निम्म्या बायका पुढे कधी ना कधी पार्लरला येणार होत्या. त्यांच्या दुकानाची अब्रू त्या माझ्यापायी उधळत होत्या आणि मी खांबाला धरून उभी होते. मी तोंड उघडलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. पण राहवलं नाही. "बाईंनी नाय केलं," मी म्हटलं. "त्या नव्हत्याच तिथं. मी केलं. मामी हाय मी तिची."

"आनि मीच म्हनले व्हते करा," सायली पाटावरून म्हणाली. मग मुलाच्या बहिणीकडे वर बघत, "मला तुमच्याकडच्यांच्या पुढं चांगलं दिसायचं व्हतं, ताई."

त्या ताईनं एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि काय सांगू, वाटी खाली ठेवून ती हसायलाच लागली. खो खो, पदर तोंडाला लावून. तिच्यामागच्या साजगावच्या बायकाही हसायला लागल्या. वन्सना वाटलं, थट्टा करतात, त्यांनी हुंदका दिला.

"आवो मावशी, रडू नका," ताई म्हणाली. "आमच्या भावाला पन आमी तोंडाला लावली नाय हळद. ह्यो शाना सोमवारी खोपोलीला जाऊन कायतरी घासून आलाय. नाक बगा त्याचं, टमाट झालंय! आमाला वाटलं, तुमी काय म्हनाल, म्हनून आमीच गप व्हतो."

मांडवात जो हशा उसळला तो स्टेशनपर्यंत ऐकू गेला असेल. हसल्या नाहीत त्या एकट्या बाई. त्यांनी हात पुढे केला. "फोन लावा त्याला. व्हिडिओ." आणि भर हळदीत, बाईंनी त्या नवरदेवाला मोबाईलवर उजेडाकडे तोंड करायला लावलं, डावीकडे वळ, उजवीकडे वळ, कुठलं मशीन, किती वेळा, कुणी केलं. तो बिचारा 'हो मॅडम, नाय मॅडम' करत होता. सगळं विचारून झाल्यावर बाईंनी फोन सायलीसमोर धरला. दोघं लालबुंद तोंडांनी एकमेकांकडे बघत राहिली. तो म्हणाला, "तुला पन चुरचुरतंय का गं?" ती म्हणाली, "लई." आणि मग मात्र मला तिथं उभं राहवलं नाही. मी मांडवामागे जाऊन पोटभर रडले.

लग्न छान झालं. फोटोंत दोघांचेही पट्टे दिसतात, नीट बघितलं तर.

पण बाईंनी माझी चूक सोडली, असं समजू नका. शुक्रवारी लग्न, शनिवारी मी पार्लरला गेले तेव्हा मशीनवर चादर टाकलेली होती. "थ्रेडिंग कर," त्या म्हणाल्या. एवढंच. सायलीचे डाग दर आठवड्याला फोटो मागवून त्या स्वतः बघायच्या, वहीत टिपायच्या. तिसऱ्या महिन्यात डाग गेले. मशीन तरीही मला मिळालं नाही. मी गिऱ्हाइकांना खुर्चीत बसवायचे, टॉवेल लावायचे, नळी पुसायचे, आणि दांडी बाईंच्या हातात द्यायचे. गिऱ्हाइकांनी मॅडम म्हटलं की आतल्या आत मेल्यासारखं व्हायचं. दोनदा काम सोडायचा विचार केला. खरं सांगायचं तर मला आता ती दांडी हातात घ्यायचीच भीती वाटत होती, आणि बाईंनी ती दिली नाही हे एका परीनं बरंच वाटत होतं.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं, बाईंनी हात धुतले, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि स्वतः खुर्चीत जाऊन आडव्या झाल्या. केसांना पट्टा बांधला. मला काही कळेना.

"कानामागे दोन दिवसांपूर्वी मी माझं मीच केलंय," डोळे मिटूनच त्या म्हणाल्या. "ठीक आहे ते. बारीक टोपी लाव. सुरू कर."

मी टोपी लावली. मशीन गुरगुरायला लागलं. दांडी त्यांच्या कपाळापाशी नेली आणि माझा हात असा काही थरथरायला लागला की दुसऱ्या हातानं धरावा लागला.

"बाई, माझा हात कापतोय हो. मला नाय जमणार."

"कापू दे," बाई म्हणाल्या. "मे महिन्यात कापत नव्हता."